बाळाच्या कानाआधी

मारतहळ्ळीच्या ऑफिसात कस्तुरीनं स्क्रिप्ट चालवली. आता इथल्या डेटाबेसात केलेली नोंद टोकियो, फ्रँकफर्ट आणि साओ पावलोच्या डेटाबेसातही आपोआप उमटायला हवी होती. या कामापायी निपाणीला भाचीच्या बारशाला जाणं हुकलं होतं. सख्खी आत्या इथं, मन सगळं तिकडं. चाचणीसाठी काहीतरी लिहायचं म्हणून बोटांनी लिहिलं ते नेमकं तिनं भाचीसाठी निवडलेलं, अजून कुणालाच न सांगितलेलं नाव.

पापणी लवायच्या आत ते तीन खंडांत उमटलं, आणि स्क्रीनवर तिन्ही शहरांपुढं पोहोचल्याची हिरवी खूण आली. कस्तुरी बघतच राहिली. मग तिनं जीभ चावली. "अगं बाई! बाळाच्या कानाआधी जपानला कळलं!"

तिनं ते घाईघाईनं पुसलं. तितक्याच झपाट्यानं ते साऱ्या पृथ्वीवरून नाहीसं झालं. तिच्या अंगावर काटाच आला.

तेवढ्यात भावाचा, पद्मनाभचा, फोन आला. "अक्का, पाळण्यापाशी आहे. फोन तिच्या कानाला लावतो, सांग."

तोंडाशी हाताचा आडोसा धरून कस्तुरी फोनमध्ये कुजबुजली, "कुर्रर्र... शर्वाणी."

पोहोचलं म्हणून सांगणारी हिरवी खूण इथं कुठंच उमटणार नव्हती.

"अक्का," पद्मनाभ हळूच म्हणाला, "झोपली होती गं. डोळे उघडून फोनकडं बघतेय."

कस्तुरीनं समोरच्या रिकाम्या स्क्रीनकडं पाहिलं. नाव आता एकाच ठिकाणी नोंदलेलं होतं, आणि तिथून ते कुणालाच पुसता येणार नव्हतं.