कुत्र्याच्या उंचीवरून

"नापास," ती म्हणाली आणि साडीवरची धूळ झटकत खुर्चीवर बसली.

समितीच्या बैठकीत सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला. प्राण्यांच्या निवाऱ्यात तिला पाठीमागे सगळे नापासबाई म्हणत. पगार छदाम नाही, पण काम मोठ्या हौसेने करायची. कुत्रं मागायला आलेल्या माणसाचं घर तपासायचं, हे तिचं काम. पद्धतही ठरलेली. चहाला नाही म्हणायचं आणि सरळ जमिनीवर बसकण मारायची. "घर कुत्र्याच्या उंचीवरून बघावं," ती सांगायची. "उभ्याने नुसते पडदे दिसतात. खाली बसलं की माणसं दिसतात."

"आता या घरात काय वाईट होतं?" अध्यक्षांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, पण तिच्याइतकं नापास करणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

"फरशी गुळगुळीत आहे. म्हातारबा घसरेल." म्हातारबा म्हणजे निवाऱ्यातलं सगळ्यात म्हातारं कुत्रं.

"आणि कालच्या घरात?"

"जिना."

"अहो बाई, म्हातारबाच्या तोंडात दात नाही, कानाने धड ऐकू येत नाही. उद्या त्याला गावाबाहेरच्या मोठ्या आवारात पाठवायचं ठरलंय. तिथल्या झुंडीत त्याला एक घास तरी मिळेल का?"

तिने मान वळवली. समोरच्या पिंजऱ्यात म्हातारबा नेहमीसारखा दाराकडे तोंड करून बसला होता. भिंतीला टेकायचा नाही की कुशीवर व्हायचा नाही. असं बसणारं कुत्रं म्हणजे फार दिवस एकटं ठेवलेलं, हे नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला ती बजावून सांगायची. खरं तर तिनेच त्याला घरी नेलं असतं. पण नवरा पडला पोस्टमन. उभ्या नोकरीत गल्लोगल्लीच्या कुत्र्यांनी त्याच्या पोटऱ्या सोडल्या नव्हत्या. लग्न झाल्या झाल्याच त्याने सांगून टाकलं होतं, "घरात एकतर मी, नाहीतर कुत्रं."

"शेवटचं एक घर राहिलंय," अध्यक्ष म्हणाले. "माणसाचं नाव सांगणार नाही. नाव कळलं की तुम्ही चपला घालायच्या आधीच नापास करता. बसा स्कूटरवर."

स्कूटर तिच्याच गल्लीत वळली तेव्हा ती चमकली. तिच्याच दारासमोर थांबली तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे काय काम काढलंत?"

दार उघडलं. आत निवृत्त पोस्टमन इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

"या मॅडम, चहा घेणार?"

"अहो, हे काय नाटक लावलंय?"

"अरे हो, तुम्ही चहा घेत नाही, नाही का? विसरलोच."

अध्यक्ष खाकरले. "तपासणी करा बाई. घर कोणाचंही असो, नियम तो नियम."

तिने आवाज कडक केला. "कुत्र्यांचा अनुभव?"

"आहे. दोन्ही पोटऱ्यांवर."

"मग हेच कुत्रं कशाला?"

"याला दात नाहीत असं कळलं."

"घरात दिवसभर कोणी असतं का?"

"असतो ना, एक जण," नवरा म्हणाला. "आवाज मात्र त्याचा येत नाही. बोलणार कोणाशी?"

अध्यक्षांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

ती पटकन खाली बसली. आपल्याच घराच्या जमिनीवर. फरशी गुळगुळीत होती, अगदी नापास करावी अशी. कपाटाखाली तिचा हरवलेला कंगवा होता. आणि मग तिला नवऱ्याची खुर्ची दिसली. टीव्ही एकीकडे, खुर्चीचं तोंड दुसरीकडे, दाराकडे. येता-जाता वाटेत येते म्हणून त्या खुर्चीवर ती रोज कुरकुरायची. पण चार पायांखाली फरशीवर पडलेले चार डाग तिने आजच पाहिले. आयुष्यभर लोकांची दारं वाजवलेला माणूस इथे बसून स्वतःचं दार वाजायची वाट बघत होता.

"काय मग, नापास?" अध्यक्षांनी भीत भीत विचारलं.

"सतरंजी टाकावी लागेल," ती जमिनीवरूनच म्हणाली. "बाकी पास. पण एक अट आहे. म्हातारबाला दिवसभर एकटं ठेवायचं नाही. रोज दुपारी मी जेवायला घरी येणार."

"कुठल्या म्हातारबाला?" नवऱ्याने विचारलं.

उठण्यासाठी तिने त्याच्यापुढे हात केला.

"दाराकडे तोंड करून बसतो त्याला," ती म्हणाली.