अरब स्ट्रीटवरचं मस्कत

"प्लीज, बायकोने विचारलं तर हे मस्कत आहे म्हणून सांगा," श्रीनिवास पुढे वाकून टॅक्सीवाल्याला इंग्रजीत हळूच म्हणाला. "तिला विसरायचा आजार आहे."

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे नीलिमाकडे पाहिलं. ती हसली.

"कॅन, अंकल," तो होकारार्थी मान हलवत म्हणाला. "मस्कत. व्हेरी हॉट, हिअर."

श्रीनिवास मागे टेकला. अवघड भाग तर आधीच पार पडला होता. गेले काही दिवस सिंगापुरातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटमधल्या बेडरूमचे पडदे त्याने बंद ठेवले होते आणि त्या खोलीला तो केबिन म्हणत होता. समुद्र खवळलाय, कॅप्टनने पडदे उघडायला मनाई केलीय, असं त्याने नीलिमाला सांगितलं. तिने वाद घातला नाही. उलट रोज सकाळी ट्रे घेऊन यायची आणि म्हणायची, "आज बुफेत पोहे होते हो." आजारी माणूस, पण बोटीवर किती पटकन रुळली होती.

आज सकाळी बोट बंदराला लागल्याचं त्याने जाहीर केलं. घराखालच्या छोट्या रेल्वेत, एलआरटीत बसल्यावर मात्र तिला शंका आलीच.

"अहो, या गाडीला ड्रायव्हर कसा नाही?"

"यांच्याकडे तेल आहे. माणसं कमी."

"तरीच," नीलिमा म्हणाली.

लग्नानंतर लगेच बँकेने त्याची बदली मस्कतला केली होती. नव्या संसाराची भांडी खोक्यांत भरून झाली आणि ऐनवेळी मस्कतचं सिंगापूर झालं. त्यानंतर कुठेही फिरायला गेलं, बाली म्हणू नका, काश्मीर म्हणू नका, परतताना नीलिमा म्हणायची, "छान होतं. पण मस्कत राहिलंच."

यंदा तिथे थांबणाऱ्या क्रूझचं बुकिंगसुद्धा झालं होतं. मग डॉक्टरांकडचा तो दिवस आला. आधी वस्तू जातील, डॉक्टर म्हणाले, मग जागा, मग माणसं. घरचीही. समुद्रप्रवास तर नकोच. नीलिमा तिथे खूप रडली. श्रीनिवास रडला नाही. दोघांतल्या एकाने तरी धीर धरायला हवा, असं त्याला वाटलं. मुलीने, ऋताने, त्याच संध्याकाळी बुकिंग रद्द केलं.

त्याचं मागणं फार नव्हतं. नीलिमा त्याला ओळखेनाशी होण्याआधी तिने त्याचा हात धरून एकदा मस्कत बघावं, बस्स.

टॅक्सीतून उतरल्यावर तिने हात धरलाच. घट्ट. गर्दीला घाबरते बिचारी, त्याच्या मनात आलं. त्याच्या गळ्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेलं बोटीचं कार्ड होतं. ऋताने अगदी खरं वाटावं असं बनवून दिलेलं. नीलिमाच्या गळ्यात नव्हतं. विसरली असणार.

सोनेरी घुमटाची मशीद समोर आली.

"ही सुलतानाची," तो म्हणाला. मशिदीचं नावच सुलतान मशीद होतं; इथे त्याला खोटं बोलावं लागलं नाही.

पुढच्या गल्लीत, अरब स्ट्रीटवर, गालिचे टांगलेले, अत्तराच्या बाटल्यांच्या रांगा, रंगीत काचेचे दिवे. नीलिमा प्रत्येक दुकानापाशी थांबत होती. एका अत्तरवाल्याने तिच्या मनगटावर थेंब लावला आणि मोठ्याने म्हणाला, "वेलकम टू सिंगापूर, मॅडम!"

श्रीनिवास दोघांच्या मध्ये आला.

"सिंगापूर हे दुकानाचं नाव आहे," तो घाईघाईने म्हणाला.

"हो का?" नीलिमाने मनगटाचा वास घेतला. "मोठं दिसतंय दुकान."

"शाखा आहेत त्यांच्या."

ती तोंडावर पदर धरून हसली. असं हसताना तो तिला कितीतरी दिवसांनी बघत होता. त्याने मोबाइल काढला, तिला दिव्यांखाली उभं केलं आणि फोटो काढला. तिने तो बघून म्हटलं, "अहो, तुमचं बोटच आलंय." मग तिने मोबाइल स्वतःकडे घेतला आणि फक्त त्याचे फोटो काढले. खूप काढले.

ऊन चढल्यावर ते एका उपाहारगृहाबाहेर, छत्रीखाली बसले.

"नीलू," तो म्हणाला, "समज, उद्या तू मला ओळखलं नाहीस, तर मी रागावणार नाही हं."

"मग काय कराल?"

"पुन्हा मागणी घालीन. रोज घालीन."

"आणि मी नाही म्हटलं तर? पळून गेले तर?"

"बेटावरून कुठे पळणारेस?"

"मस्कत बेट आहे?"

"जवळजवळ."

ती पुन्हा हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा काढून पुसत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"आवडलं का तुला मस्कत?" त्याने विचारलं.

"फार. आता काही राहिलं नाही."

त्याला एवढंच ऐकायचं होतं. तो खुर्चीत सैल होऊन बसला.

"तुम्ही इथेच बसा. कुठे जाऊ नका," ती म्हणाली. "मी चहा घेऊन येते."

आत रांग होती. ती पुदिन्याचा चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होता. तिने दोन्ही पेले टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढली.

श्रीनिवास चटकन अर्धवट उठला आणि त्याने खुर्चीवर हात ठेवला.

"माफ करा हं बाई, ही माझ्या मिसेसची जागा आहे. येईलच इतक्यात." मग तिच्या मंगळसूत्राकडे पाहून त्याला बरं वाटलं. "अरे, तुम्ही मराठी! थांबा, ती आली की ओळख करून देतो. फार बोलकी आहे."

"येऊ दे त्यांना सावकाश," नीलिमा म्हणाली आणि आपला पेला उचलून शेजारच्या टेबलावर जाऊन बसली.