या आठवड्याचा गुण

"बाई, ब्लाउजपीस समजून मी तुमच्या साडीचा पदरच कापला." मी एका दमात सांगून टाकलं आणि कात्री टेबलावर ठेवली.

खांबेटेबाई निवृत्त इतिहास शिक्षिका. दर सोमवारी माझ्या शिवणाच्या दुकानात येतात. माझ्या बटणांच्या डब्यात त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठेवल्यात, प्रत्येकीवर प्राचीन रोमन लोकांचा एकेक गुण. आम्ही दोघी एकेक उचलतो आणि आठवडाभर तो गुण पाळतो. या वेळी मला सत्य आलं होतं. नाहीतर पदर इस्त्रीवाल्याकडे जळला, असं सांगायचं मी ठरवलंच होतं.

बाईंना ती साडी त्यांच्या लेकीच्या साखरपुड्यात नेसायची होती. बाईंनी कापलेला पदर मांडीवर घेतला, त्यावरची जर बोटांनी चाचपली.

"मला काय आलंय, माहितीये?" त्यांनी पर्समधली चिठ्ठी काढून दाखवली. कठोरपणा.

मग ती डब्यात परत टाकली, बटणं खळखळ हलवली आणि दुसरी उचलली.

"क्षमा," बाई म्हणाल्या.

चिठ्ठीची घडी त्यांनी उघडलीच नव्हती.