देवाला न सांगितलेलं नाव

सत्तावीस वर्षं बंद पडलेला डोंगऱ्यादेव, म्हणजे डोंगराच्या देवाचा उत्सव, पेठजवळच्या त्या पाड्याने एकोणऐंशी साली पुन्हा धरला. भर दुपारी सगळे गुहेसमोर जमले. सहादू भगत एकेकाचं नाव मोठ्याने घेई आणि डोंगर ते परत देई. नाव परत आलं की देवाने माणूस ओळखला.

चांगुणाच्या कुशीतली दोन महिन्यांची लेक अजून बिननावाची होती. देवाला सांगितल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, हा जुना नेमही भगताने परत आणला होता. पण पाजताना, घरात कुणी नसलं की चांगुणा तिला हळूच ‘पाखरी’ म्हणायची.

“सांग आता पोरीचं नाव,” भगत म्हणाला.

चांगुणाने तोंड उघडण्याआधीच गुहेतून आलं, “पाखरीऽऽ!”

“कोण गं ती?” सासू भागीबाई कावली. “देवाची थट्टा लय महागात पडंल!”



“पाखरीऽऽ!” आता जवळून.

भगताच्या मुठीतले तांदूळ सांडले. “ओ देऊ नका कुणी! ओ देईल त्याला गुहेतला तो घेऊन जातो.”

चांगुणाने लेकीला छातीशी दाबून धरलं, वरून पदर ओढला.

पदराखालून, मोठ्या बाईच्या स्वच्छ आवाजात, उत्तर गेलं, “ओ!”