आठ घरांची तार

“दुसऱ्याची घंटी वाजली तर फोन उचलायचा नाही. आणि उचललासच, तर आधी घड्याळावर टॉवेल टाकायचा,” ओटिलीच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या.

पहिलं तिनं कधीच पाळलं नाही. दुसरं आज विसरली.

आठ शेतांना मिळून टेलिफोनची एकच तार; कुणाचीही घंटी आठही घरी वाजायची. एक लांब, दोन आखूड घंटी म्हणजे नेटी, शेजारच्या शेतावर शिकागोहून आलेली नवी सून. ओटिलीनं पिठाचे हात पुसले, रिसीव्हर हळूच कानाशी धरला आणि श्वास रोखला.

नेटी आईशी बोलत होती. परवा यायचं मळणीयंत्र उद्याच येतंय. दुपारी अठरा माणसं जेवायला. आणि सकाळीच उकळत्या पाण्यानं उजवा हात भाजलाय. शहरची पोरगी मळणीवाल्यांना काय जेवू घालणार, असं नेटीच्या सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्यात. उद्याचं जेवण फसलं की अठरा तोंडांनी गोष्ट घरोघरी जाणार. तिकडून आई नुसतं अगं बाई, अगं बाई करत होती.

तेवढ्यात ओटिलीच्या डोक्यावरच्या घड्याळानं चारचे ठोके दिले. सावकाश, एकेक.

आईचं अगं बाई मधेच तुटलं.

“काकू,” नेटी म्हणाली, “तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे.”

ओटिलीचे कान तापले. रिसीव्हर टांगून मोकळं व्हावं असं वाटलं. पण पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिला टांगवेना.

“डावा हात धड आहे ना? मग बटाटे तू धू, सोलायला मी येते. उजाडता उजाडता. कोंबड्या, पाव, ॲपल पाय, सगळं घेऊन.”

सासूबाई दुपारी येतील, त्यांना कळता कामा नये, नेटी म्हणाली. माझ्या तोंडून नाही, असं ओटिलीनं वचन दिलं. त्या तोंडाची कीर्ती आठही घरांना ठाऊक होती. नक्की ना, नेटीनं विचारलं. तेवढ्यात तारेवर कुणीतरी रिसीव्हर टांगला. खट्.

“ती ऑगस्टा, पलीकडच्या शेतावरची,” ओटिली म्हणाली. “तिची काळजी नको. गोष्ट सांगायची तर चोरून ऐकत होते, हेही सांगावं लागेल.”

नेटी रडता रडता हसली.

संध्याकाळी एमिलनं नवऱ्याच्या हक्कानं विचारलं, एवढे ॲपल पाय कुणासाठी? रोज जेवताना आठही घरांच्या बातम्या त्याच्या पानात वाढणारी ओटिली म्हणाली, पीठ जास्त भिजलं. त्यानं तिच्याकडे दोनदा पाहिलं. मळणीला तोही जाणार होता. पहिल्याच घासाला तो हाताची चव ओळखणार होता. ओळखली तरी बोलला नसता. त्या घरात बोलायचं काम तिचं होतं.

पहाटे तिनं गुडघे टेकून प्रार्थना केली, जरा लवकरच आटोपती घेतली. हातगाडीत सगळं नीट रचून वर धुतलेलं कापड पसरलं. जाळीचं दार आपटू नये म्हणून पाठीनं धरलं, अलगद टेकवलं. मग रस्ता सोडून, कापून उभ्या केलेल्या ओट्सच्या पेंढ्यांमधून, दवानं घागरा भिजवत, ती मागच्या वाटेनं नेटीच्या स्वयंपाकघराकडे निघाली.