शेवटचा बदल: दादा

"आई, अगं आणखी एका फोटोतून गेला दादा!" धाकटीने हाक मारली, तशी आई ओल्या हातांनीच बाहेरच्या खोलीत आली.

गच्चीवरचा फोटो होता. काल त्यात बाबा, धाकटी आणि दादा असे तिघं होते. आज फोटोची उजवी कड आत सरकली होती, बरोबर बाबांच्या खांद्यापर्यंत. खाली बारीक अक्षरांत आलं होतं, शेवटचा बदल: दादा.

"बघ!" आईचा चेहरा उजळला. "राग गेला नाही अजून गुलामाचा. पण आहे ना कुठेतरी! खातोय, पितोय, फोटो कापत बसलाय."

घरात कॉम्प्युटर एक आणि खाती चार. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, फोटो मात्र सगळ्यांचे मिळून एकाच ठिकाणी. बाबांनीच तशी सोय केली होती. एकाने टाकलेला फोटो चौघांना, घराबाहेर असले तरी, दिसायचा आणि एकाने कापला की चौघांचा कापला जायचा. दादा बाबांशी भांडून घरातून गेला, त्याला आता बरेच दिवस झाले होते. फोन बंद, मित्रांना पत्ता नाही, पोलिसांत कळवून झालेलं. आणि मग तो एकेका फोटोतूनही जायला लागला. ते बघून धाकटी घाबरून आईला हाक मारायची. आईचा मात्र जीव भांड्यात पडायचा.

दादा असलेले फोटो संपत आले, तेव्हा आईने कपाटातले जुने अल्बम खाली काढले. कागदी फोटो ती प्रिंटरच्या काचेवर पालथे घालायची आणि रोज एक कॉम्प्युटरवर चढवायची. त्यातही निवड असायची. त्याला लाज वाटेल असे आधी. मावसबहिणीचा फ्रॉक घातलेला, बादलीत बसून भोकाड पसरलेला.

"हा बघून तर धावतच येईल कापायला," असं म्हणून स्वतःशीच हसायची. संध्याकाळपर्यंत त्या फोटोत बादलीची नुसती कडी उरायची. मग आई पोटभर जेवायची.

बाबा या सगळ्यावर ब्र काढत नसत. एवढं बोलणारा माणूस, पण आईने अल्बम उघडला की हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचे.

रविवारी दुपारी आईने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाळा, एक फोन कर.' तो छातीशी धरून ती भिंतीपाशी उभी राहिली आणि धाकटीला म्हणाली, "काढ फोटो."

"जरा मधे ये की. अर्धी भिंत रिकामी दिसतेय."

"राहू दे गं. मी काय नवरी आहे?"

धाकटीने फोनला केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर घेतला. आई पडद्यासमोर वाट बघत उभी राहिली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पुरे कर आता," ते म्हणाले.

"काय पुरे करू?"

बाबा आत गेले आणि एक वायर घेऊन आले. "ही याची नेटची वायर. तो गेला त्याच दिवशी मी उपटली. म्हटलं, घरातलं काही त्याच्यापर्यंत पोचायला नको. तेव्हापासून हा कॉम्प्युटर बाहेर कुठेच जोडलेला नाही."

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नेट सगळे आपापल्या फोनवर बघायचे, कॉम्प्युटर फोटोंपुरता लागायचा.

"मग तो कुठून कापतोय?" आईने विचारलं.

"तेच तर. इथे आल्याशिवाय कुणालाच कापता यायचं नाही."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तू जेवायला लागली होतीस," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे वळली. "म्हणजे तुम्हीच कापत होतात!"

"तुझी शपथ, नाही! मला त्याचा पासवर्ड तरी कुठे माहीत आहे?"

आईने धाकटीकडे पाहिलं. "मी नाही गं आई," धाकटी रडवेली झाली. "मला तर बघायचीही भीती वाटते."

तेवढ्यात पडद्यावरच्या फोटोभोवती चौकट आली. माउस टेबलावर नुसता पडून होता, तिघांच्या डोळ्यांदेखत. उजवी कड हलली. रिकाम्या भिंतीवरून ती हळूहळू आत आली, मधेच थांबली, थोडी मागे गेली, पुन्हा पुढे सरकली आणि आईच्या खांद्याला लागून थांबली.

शेवटचा बदल: दादा.

धाकटीने बाबांचा हात घट्ट धरला. "पण यात दादा नव्हताच," ती कशीबशी म्हणाली. "मीच काढला ना फोटो. तिथे नुसती भिंत होती."

आईने फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. इतके दिवस ज्या आशेवर ती दोन घास खात होती, ती तिच्या चेहऱ्यावरून उतरत गेली. ती रडली मात्र नाही. तिने मान वळवली, आपल्या खांद्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि हात वर केला, दादाचा गाल जिथे आला असता तिथपर्यंत.

"कधीचा उभा आहेस रे?" तिने हळूच विचारलं.