दुसरी फेरी

“आक्का, पाय वर घ्या. पाणी आहे असं समजायचं,” अमरसिंह म्हणाले.

तानाबाईंनी पाय वर घेतले. रबरी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होती आणि ट्रॉली गल्लीतल्या फुफाट्यात. पूर ऑगस्टमध्ये येतो, पण परदेशी पाहुण्यांना सवड जानेवारीत होती. त्यामुळे सरावाचा पूर जानेवारीत आला. चार देशांचे पाहुणे फेटे बांधून देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. जवान हवेत वल्ही मारत होते. नसलेल्या पाण्यातून बायका साड्या उचलून चालत होत्या. दुपारच्या उन्हात धूळ इतकी संथ तरंगत होती, की काही वेळानं गल्लीतलं कुत्रंही पाय जपून टाकू लागलं.

बोट देवळाशी आली. सात मिनिटं लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

अमरसिंहांनी सरावाचा कागद काढला. वर्षापूर्वीच बदली होऊन आलेला अधिकारी. कागदावर फार विश्वास. तानाबाईंना त्यात एकच वाक्य होतं, ‘घरात कोणी नाही.’ आठ दिवस पाठ करून घेतलं होतं.

“घरात अजून कोणी आहे का?”

“हाय की,” तानाबाई म्हणाल्या. “मालक हाईत. म्हशीला सोडून येईनात. दुसऱ्या फेरीला नेतो म्हणलासा न्हवं?”

अमरसिंहांनी कागद उलटून पाहिला. मागं कोरा होता.

“आक्का, दुसरी फेरी नाही यात. उतरा बघू, जेवणं खोळंबलीत.”

“फेरी हू दे. मग उतरते.”

दुभाष्यानं हे सगळं पाहुण्यांना सांगितलं. त्यांतल्या एका बाईंनी मान डोलावली आणि वेळ मोजायचं घड्याळ पुन्हा शून्यापासून लावलं. आता चार देशांदेखत माणूस पुरात सोडायची सोय उरली नाही.

“काय अ‍ॅक्टिंग आहे म्हातारीची!” ट्रॅक्टरजवळ येऊन अमरसिंह पुटपुटले. “चल रे, फिरव.”

ट्रॅक्टरवरच्या सम्राटनं चावी फिरवली नाही.

“अ‍ॅक्टिंग न्हाय ती, साहेब. सहा वर्सं झाली. त्या पुरात बोट परत आलीच न्हाय. मालक बी गेलं, म्हस बी गेली.”

अमरसिंहांनी कागदाची घडी घातली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिजू नये अशा बेतानं पाय उचलून ते बोटीत चढले. एका जवानाच्या हातातलं वल्हं त्यांनी मागून घेतलं.

ट्रॉली वळली. देवळापाशी जमलेलं गाव न सांगता बाजूला झालं, प्रवाहाला वाट द्यावी तसं. वल्ही धुळीत बुडत, वर येत राहिली.

तानाबाईंच्या दारात बोट थांबली. गोठ्यात खुंट्याला तेवढं दावं होतं.

तानाबाई कडेला सरकल्या आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.